खालून तिसरं बटण

रोशननं ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा मी शोभाच्या डोळ्यांत औषध घालत होतो. फोन टेबलावर थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिच्या पापण्यांवर कापूस ठेवला, पाच मिनिटं हलू नकोस म्हणून सांगितलं, मग चष्मा शोधून बघितलं. मतमोजणीच्या कागदाचा फोटो होता, जरा तिरका. प्रभागातल्या सगळ्या मतदान खोल्यांचे आकडे ओळीनं. खोली क्रमांक चारवर रोशननं लाल गोल केला होता. जागा ड, मुग्धा देशकर, अपक्ष : अकरा. खाली त्यानं लिहिलं होतं, 'आपल्या खोलीत अकराच?' मुग्धा पडणार हे आम्हाला ठाऊकच होतं. सगळ्या प्रभागात मिळून सहाशे बारा मतं पडली आणि अनामत गेली, ते दुपारच्या चहाबरोबर पचवूनही झालं होतं. पण हा अकराचा आकडा काही पचेना. शोभा कापसाखालून म्हणाली, "कोनाचा फोन आहे?" म्हटलं, "ग्रुपवर काहीतरी टाकून राहिले." "किती आले आपल्या खोलीत?" असं ती लगेच विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "अकरा," मी म्हटलं. ती कापूस सरकू नये म्हणून मान ताठ ठेवून तशीच पडून राहिली.

अकरा म्हणजे किती कमी, हे कळायला आमचं खटलं माहीत हवं. श्रमसाफल्य लेआउट या वस्तीतले आम्ही काही लोक दर रविवारी सकाळी सात ते नऊ छिन्नी-हातोडे घेऊन झाडं मोकळी करतो. नागपुरातले रस्ते एकामागून एक सिमेंटचे झाले, आणि ओतणाऱ्यांनी सिमेंट पार झाडाच्या बुंध्याला टेकेपर्यंत ओतलं. पाणी मुरायला जागा नाही, खोडाला जाड व्हायला जागा नाही. गळ्याशी आवळ शर्ट घालून उभं राहावं तशी झाडं उभी असतात, आणि एखाद्या वावटळीत मुळासकट आडवी होतात. आम्ही बुंध्याभोवती हातभर गोल फोडतो, मलबा पोत्यात भरतो, काळी माती घालतो. एका सकाळी दोन झाडं, फार तर तीन. हे सुरू केलं मुग्धानं. ती ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, चौतिशीची आहे, आवाज लहान आणि हट्ट मोठा. अर्ज देऊन देऊन थकल्यावर तीच म्हणाली की जिथं अर्ज वाचतात तिथं आपलं एक माणूस पाहिजे. मोठ्या पक्षांकडेही जाऊन आली. एकानं विचारलं, तुमच्या समाजाची मतं किती? दुसरा म्हणाला तिकिटाचं बघू, पण झाडाबिडांचं निवडून आल्यावर काढा, आत्ता लोकांना रस्ता पाहिजे. म्हणून अपक्ष. निशाणी मिळाली एअर कंडिशनर. झाडं वाचवायला निघालेल्या बाईला एसी! आम्ही पत्रकं घेऊन फाटकाशी उभे राहिलो की लोक आतूनच विचारायचे, "एसी फुकट वाटून राहिले का गा?" मुग्धा हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शिवाय मतदानाची भानगड होतीच. एका प्रभागात चार जागा, अ ब क ड, म्हणजे प्रत्येकानं चार बटणं दाबायची. चारही दाबल्याशिवाय लांब शिट्टी वाजत नाही. मुग्धा उभी फक्त ड मध्ये. बाकीच्या तीन जागांचं काय करायचं यावर आमचे दोन रविवार गेले, एक झाडसुद्धा नीट झालं नाही, आणि शेवटी ठरलं की तिथं नोटा दाबायचं, कोणालाच मत द्यायचं नाही. दुसरं कोणी असतं तर ती तीन मतं कोणाला तरी देऊन त्यांच्याकडून आपल्या एकीची सोय करून घेतली असती. रोशन तेच म्हणत होता. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तो दिवसभर देण्याघेण्यातच असतो. पण आम्हाला हात स्वच्छ ठेवायचे होते. नोटा सगळ्यांत खाली असतं, आणि मुग्धाचं नाव अपक्षांच्या भाऊगर्दीत, खालून तिसरं. "खालून पहिलं, खालून पहिलं, खालून पहिलं, खालून तिसरं," असं मुग्धानं हवेत हात खाली नेऊन नेऊन सगळ्यांना शिकवलं. शोभाला ते पाठच झालं होतं. मटार सोलता सोलता पुटपुटायची. तिला समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. मटार ती बोटांनी सोलते आणि किडका दाणा माझ्याआधी ओळखते.

खोली चारच्या यादीत आमच्या ग्रुपातली चौदा माणसं होती. बाहेरचं एकही मत पडलं नाही असं धरलं तरी चौदा यायला हवी होती. म्हणजे तोंडावर हो म्हणणारी निदान तीन माणसं आत जाऊन फिरली. शुक्रवारची सगळी संध्याकाळ ग्रुपवर हाच काथ्याकूट चालला. कोणी म्हणालं मशीनमध्ये घोळ. रोशननं लिहिलं, मशीनले दोष देऊ नका, मोजणीले मी समोर बसून होतो. पियूष म्हणून बँकेतला एक आहे, त्यानं लिहिलं की ज्यांनी दगा दिला त्यांनी आपणहून ग्रुप सोडावा. त्याखाली पटापट अंगठे आले. मीही अंगठा टाकला. टाकताना उजव्या तर्जनीवरची शाई दिसली, आणि फोन धरलेल्या डाव्या तर्जनीवरचीही. माझ्या दोन्ही हातांना शाई आहे. डाव्यावरची माझ्या मताची आणि उजव्यावरची शोभाच्या. ज्याला दिसत नाही त्याच्यासोबत घरचं माणूस आत जाऊ शकतं आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे बटण दाबू शकतं. तसा एक फॉर्म मी सही करून दिला आहे. त्यात लिहिलं होतं की मी हे मत गुप्त ठेवीन. तेवढं वचन मी अगदी काटेकोर पाळतो आहे.

तिघांतले दोघं म्हणजे आमचं घर होतं. हे मला आकडा बघताक्षणी कळलं, आणि तरी रात्रीच्या जेवणापर्यंत मी तिसरं कोण याचाच विचार करत होतो. पियूष असेल, इतक्या जोरानं बोलतो म्हणजे तोच. नाहीतर कोपऱ्यावरच्या सिंधूताई, त्यांचा भाचा त्या पक्षात आहे. चोर दुसऱ्या चोराला कसा शोधत असेल ते मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. गुरुवारी शाळेच्या त्या वर्गात काय झालं ते मात्र मी आठवत नव्हतो. आठवायला काही नव्हतंच, अर्ध्या मिनिटाचं काम. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, पुठ्ठ्याचा आडोसा, टेबलावर ओळीनं यंत्रं. आधी माझं मत. मी वरून दुसरं दाबलं, चारही वेळा. मग मी बाहेर येऊन शोभाला घेऊन पुन्हा आत गेलो. तिनं नेहमीसारखं माझं उजवं कोपर धरलेलं होतं. गेली चार वर्षं ती घराबाहेर माझं कोपर धरूनच चालते, इतकी की मला ती धरलेली कळतही नाही, घड्याळ कळत नाही तसं. आडोशामागे ती हळूच म्हणाली, "खालून तिसरं." "हो," मी म्हटलं, आणि वरून दुसरं दाबलं, पुन्हा दुसरं, पुन्हा, पुन्हा. शिट्टी वाजली. ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, "झालं नं बराबर?" म्हटलं, "झालं." ती "हं" म्हणाली आणि पदर नाकाला लावून बसली, वाऱ्यानं तिला शिंका येतात.

चारही जागांवर वरून दुसरं नाव विक्कीच्या पक्षाचं. विक्की आमच्या गल्लीत राहतो, त्याचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे, आणि निवडणूक आली की आमचा बूथ त्याच्याकडे असतो. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. तेवीस सालच्या सप्टेंबरात पूर आला त्या पहाटे आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. सिमेंटचा रस्ता आमच्या जोत्याहून दीड फूट उंच झालाय, त्यामुळे पाण्याला आमचं घर म्हणजे उतार. उजाडत होतं, शोभा पलंगावर बसून होती आणि सारखं विचारत होती, "किती आलं? सांगा नं, किती आलं?" तिला दिसत नव्हतं आणि मी खोटं सांगत होतो. घोट्याएवढं, म्हणत होतो. मग पाणी तिच्या गादीला लागलं आणि तिला हातानंच कळलं. तेव्हा विक्की फाटकावरून उडी टाकून आला. "काकू, डोळे मिटून घ्या," म्हणाला, ज्या बाईला दिसत नाही तिला, आणि पाठीवर घेऊन रस्त्यापलीकडच्या दोन मजली घरात पोचवून आला. मुग्धा आणि ग्रुप दुपारी आले. त्यांनी चिखल उपसला, भांडी घासली, आणि मुग्धानं मला समजावून सांगितलं की हे पाणी का आलं. तिचं सगळं बरोबर होतं. मी मान डोलावत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर विक्कीच्या पाठीवरचे शोभाचे पाय हलत होते, तळवे ओले, सुरकुतलेले. पुढे शोभाला पायरी चढताना त्रास होतो म्हणून विक्कीनं कुठल्याशा कामावरचं उरलेलं सिमेंट आणून फाटकाशी उतार करून दिला. झकास केला. फक्त फाटकाशी एक कडुनिंब आहे, तो उतारात आला. सिमेंट त्याच्या खोडाला चहूबाजूंनी टेकलं. दर रविवारी मी छिन्नी घेऊन घरातून निघतो तो त्या कडुनिंबाला वळसा घालून. ग्रुपात कोणी त्याबद्दल बोललं नाही. काकूंचा उतार आहे, असं सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं.

संक्रांतीला, मतदानाच्या आदल्या दिवशी, विक्की तिळगूळ घेऊन आला. शोभा आत पूजेत होती. "काका, मी मुग्धाताईले नावं नाही ठेवत," तो म्हणाला. "चांगली बाई आहे. पन एकटी निवडून आली त नाली काढून देईन का? तिचं आयकन कोन? आपल्या गल्लीची नाली मंजूर आहे, साहेब म्हनते बूथ पाहून काम लावतो. आता चार नंबरमधून आपलेच लोक गेले, त मी कोन्या तोंडानं मागू?" मी म्हटलं, "माझं एक मत रे. त्यानं काय होते?" "एक काहून काका, घरचे दोन. काकूचं बटन तुमीच त दाबनार." हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की जसं काही दोन कप चहा ठेवायला सांगत होता. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिळगूळ तोंडात टाकला आणि दाताखाली तीळ चावत राहिलो. पावसाळा यायला पाच महिने होते. नाली झाली तर शोभाची गादी कोरडी राहील, हे मी स्वतःला सांगितलं, आणि पुढचं वाक्य आपोआप जुळलं : हे सगळं तिच्यासाठीच तर आहे. तिच्यासाठी म्हणून मी तिचंच मत घेतलं. खिशातून घ्यावं तसं.

रात्र बरी गेली, मला झोप लागते. शनिवारी सकाळी शोभाच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी रामदासपेठेत गेलो. दवाखान्यासमोरच पूर्वी आमचं ऑफिस होतं, आता तिथं चष्म्याचं दुकान आहे. रस्त्यांचे नकाशे करणारा एक सल्लागार होता, त्याच्याकडे मी तेहतीस वर्षं आरेखक होतो. शोभा आत गेली आणि मी बाकावर बसून त्या दुकानाच्या काचेकडे बघत राहिलो. सर्व्हेची माणसं शेतातून, रस्त्यातून मोजमापं आणायची, त्यात प्रत्येक झाडाचा एक लहान गोल असायचा. ते सगळं मी स्वच्छ कागदावर उतरवायचो. अजनीकडच्या एका रस्त्यावर इतके गोल होते की रस्त्याच्या रेघा दिसेनात. साहेब मागे येऊन उभे राहिले. "धकाते, गिचमिड नको," एवढंच म्हणाले. मी बारीक झाडांचे गोल गाळले. मग मध्यम झाडांचे. पुढे पुढे कोणी सांगावं लागलं नाही, माझे नकाशे ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ म्हणून नावाजले गेले. कागदावर गोल नसेल तर सिमेंट ओतणाऱ्याला झाड कशाला दिसेल? रविवारी मी जी झाडं फोडून मोकळी करतो त्यांतली काही माझ्याच हातून गाळलेली असतील. हे मी मुग्धाला कधी सांगितलं नाही. ती मला 'काका, तुम्ही आमच्यातले सगळ्यांत नियमित' म्हणते आणि मी हातोडा जरा जोरानं मारतो.

मला वाटतं मी आधीपासून असाच आहे. उमरेडला आमच्या घरी हातमाग होता. जवळच्या कोळशाच्या खाणीत दुपारी सुरुंग उडवायचे. जमीन हलायची, मग काही वेळानं बारीक काळी भुकटी खाली यायची. आई सुरुंगाआधीच मागावर ताणलेलं पांढरं सूत जुन्या लुगड्यानं झाकून ठेवायची आणि खाणीला शिव्या द्यायची. अशा शिव्या द्यायची की बाबा उठून बाहेर जायचे. त्याच खाणीत माझा मोठा भाऊ कवडू लागला आणि त्याच्या नोकरीवर माझं आयटीआय झालं. त्या दिवसापासून आईनं शिव्या बंद केल्या. सूत मात्र झाकत राहिली, न बोलता. कवडूदादा अजून मला फोनवर चिडवतो, "काय गा हिरवे, कसं काय? आमी काळे बरे आहो." मी हसतो. दोन्हीकडचं खाऊन दोन्हीकडे मान डोलावणं मला आईच्या दुधाइतकं जुनं आहे. पण आईनं सूत झाकणं सोडलं नव्हतं. मी तर लुगडंच काढून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी मुग्धा आली. सहाच्या सुमाराला, हातात भिवापूरच्या लाल मिरचीची पिशवी, तिच्या मावशीनं शोभासाठी पाठवलेली. आभार मानायला घरोघरी फिरत होती. शोभा दिवाणावर बसली होती, मी खुर्चीत, आणि मुग्धा वेताच्या मोड्यावर. चेहरा उतरलेला नव्हता, पण ती सारखी बोटांची नखं बघत होती, सिमेंट फोडून फोडून तिची नखं आमच्यासारखीच झाली आहेत. "काका, सहाशे बारा लोक कोण आहेत ते मला माहीत पण नाही," ती म्हणाली. "त्यांचं मला आश्चर्यच वाटून राहिलं. एसीचं बटण दाबणारे सहाशे लोक. पण त्या तिघांचं मला समजत नाही. मला सरळ सांगितलं असतं, मुग्धा, आमची अडचण आहे, तर मी काय भांडली असती का?" मी म्हटलं, "कोनाची काय मजबुरी असन, सांगता येत नाही." माझा आवाज मलाच एखाद्या पुढाऱ्यासारखा वाटला. "मजबुरी असेल नं. पण आता मी रविवारी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते, काका. सिंधूताईंकडे, पियूषकडे. हा की ही? अशानं काम होत नाही. मी ठरवलं, उद्याचा रविवार करू आणि थांबू. पुढच्या वेळी उभं राहायचं तर दूरच, छिन्न्या पण मी रोशनच्या दुकानात ठेवून देते." माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. 'मुग्धा, मी,' एवढं म्हणायचं होतं, पुढचं तिनंच ओळखलं असतं. त्याऐवजी मी विचारलं, "चहा टाकू का वं?" ती नको म्हणाली. मुग्धा उठताना शोभानं फक्त विचारलं, "उद्या कोनत्या झाडापाशी आहे तुमचं?" मुग्धा म्हणाली, "दत्ताच्या देवळामागं, काकू. दोन करंज आहेत."

रविवारी मी पावणेसातला स्वेटर घातला, छिन्नी घेतली. मुग्धाला थांबू द्यायचं, पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येणार नाही, असं माझं मन मला समजावत होतं, आणि मला त्या मनाची मनापासून किळस येत होती. शोभा दारात उभी होती. लुगडं बदललेलं, अंगावर शाल, हातात तिची ती पांढरी काठी, जी तिनं दवाखान्यानं दिल्यापासून कधी वापरली नव्हती. म्हटलं, "तू कुठं?" "करंजापाशी." "इतक्या थंडीत?" ती म्हणाली, "तुमचं कोपर खाली गेलंच नाही."

मला पहिल्यांदा समजलं नाही, खरंच नाही. ती म्हणाली, "आठ दिवस घोकलं मी. खालून पहिलं, खालून पहिलं, खालून पहिलं, खालून तिसरं. चारई वेळा हात खाली जाले पायजे होता. मी कोपर धरून होती नं. चारई वेळा तो वरच्या वरच राहिला." मी छिन्नी या हातातून त्या हातात घेतली. "ऑटोत विचारलं मी तुमाले. मले वाटलं माझाच भरम असन, तुमी खोटं नाही सांगनार. मंग अकरा आले. मंग काल ते पोरगी इथं बसून सिंधूताईचं नाव घेऊन गेली आन् तुमी चहाचं विचारलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "शोभा, नालीसाठी," मी म्हटलं, "तुझी गादी—" "माझी गादी माझी आहे. मी दहा वेळा भिजीन." मग ती थांबली, तोंड माझ्या दिशेला पण जरा बाजूला, कडेनं मला बघण्याचा प्रयत्न करत. "तुमचं मत तुमी विक्कीले द्या, त्याच्या बापाले द्या. मी काही म्हनत नाही. त्या पोराचे माझ्यावरई उपकार आहे. पन माझं काहून देलं? माझ्यापाशी आता आहे काय दुसरं स्वतःचं?" मला लाज वाटली. चाळीस वर्षांत मी तिच्याशी खूप वेळा खोटं बोललो, पाणी घोट्याएवढं आहे म्हणालो, डॉक्टर काही विशेष बोलले नाहीत म्हणालो, आणि प्रत्येक वेळी ते तिच्यासाठीच होतं. ती उतारावरून वर रस्त्याकडे निघाली. मी सवयीनं कोपर पुढे केलं. तिनं काठी टेकवली.

देवळापर्यंत चालायला सात मिनिटं लागतात, आम्हाला वीस लागली. ती पुढे, काठी सिमेंटवर टक टक, मी दोन पावलं मागं. दोनदा ती फुटपाथच्या कडेला अडखळली, दोनदा मी धावलो, दोन्ही वेळा तिनं नुसता तळहात दाखवून मला थांबवलं. करंजापाशी सगळे आले होते, काम सुरू होतं, तीन छिन्न्यांचे तीन वेगवेगळे आवाज. बोलणं मात्र कोणाचं कोणाशी नव्हतं. शोभाला काठीनं येताना पाहून मुग्धा उठली. मी तिथं उभा राहिलो आणि म्हणालो, "मुग्धा, खोली चारमधले दोन मी आहो. माझं आन् शोभाचं. शोभानं तुझं सांगितलं होतं, मी दुसरं दाबलं. आन् दुसरंही एक आहे, झाडांचं, जुनं. ते नंतर सांगतो, पन सांगतो." इतकंच आलं. पियूष वर बघत राहिला. सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. तीन छिन्न्यांपैकी दोन थांबल्या आणि एक चालूच राहिली, आधीपेक्षा भरभर, खाली मान घालून. ती कोणाची ते मला दिसलं. मी तिकडे बघायचं टाळलं, त्याचं त्यानं सांगावं.

मुग्धा काय बोलेल याची मी वाट बघत होतो. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्या दोन्ही हातांच्या शाईकडे बघत होती. आधी शोभाच बोलली. काठी डाव्या हातात घेऊन ती मुग्धाच्या आवाजाच्या अंदाजानं वळली, जराशी चुकीच्या दिशेला, रोशनकडे तोंड करून.

"मुग्धा, मशीन काई म्हनो. माझं तुलेच होतं. खालून तिसरं. तू बारा धर."

"धरले काकू," मुग्धा म्हणाली. "बारा."

"आन् हे करंज झाले की आमच्या फाटकाशी या सगळे. तिथला निंब राह्यला आहे. माझ्या उताराचं पाहू नका, मी पायरीनं येईन." मग ती बसायला जागा शोधत हवेत हात फिरवू लागली. माझं कोपर पुढे गेलं. तिची बोटं माझ्या स्वेटरच्या बाहीला लागली, लोकर ओळखली, आणि तिथून सरकून मुग्धाच्या कोपरावर गेली. मुग्धा तिला देवळाच्या ओट्याकडे घेऊन चालली, हळूहळू, पाऊल पाऊल सांगत. मी कोपर तसंच पुढे धरून उभा होतो.